दहा किलो झेपतात म्हणे! जड लेन्ससाठी ट्रायपॉड आणि हेड घेताना

भाच्याने यंदा १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली. घेतली ती घेतली, वर त्याच खरेदीत एक ट्रायपॉडही उचलला आणि मला बॉक्सचा फोटो पाठवला, "मावशी बघ, लोड कपॅसिटी दहा किलो, आणि माझं सगळं मिळून तीन किलो पण होत नाही." पैसे देऊन झालेच होते, म्हणून मी नुसता अंगठा पाठवला आणि गप्प बसले. थोड्या दिवसांनी फोन आला, की सगळे फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर येतायत, हातात धरून काढले तर बरे येतात आणि ट्रायपॉडवर लावले की बिघडतात, लेन्स बदलून मागू का? म्हटलं लेन्सला काही करू नकोस, ती बिचारी बरोबर आहे.

थोड्याफार फरकाने हेच बोलणं इतक्या जणांशी झालंय की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढते. मी काही लॅबमध्ये टेस्टिंग करणारी नाही हां, निकॉनची २००-५०० लेन्स आणि डी-५०० कॅमेरा बॉडी घेऊन पक्ष्यांच्या मागे हिंडणारी बाई आहे, उंची पाच फूट एक इंच, पाठ अधूनमधून कुरकुरते, तेव्हा जे काही लिहितेय ते त्या हिशोबाने वाचा.

तर ते दहा किलो. आकडा खोटा असतो असं नाही, त्या ट्रायपॉडवर दहा किलो तांदळाचं पोतं ठेवलंत तर तो मोडून पडणार नाही, बस, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा कसा काढायचा याचा सगळ्यांना लागू असा एकच नियम नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, कुणी हातचं राखून लिहितं आणि कुणी सढळ हाताने, त्यामुळे एका ब्रँडचे दहा आणि दुसऱ्याचे पंधरा असं शेजारी ठेवून काही कळत नाही. आणि मुळात वजन पेलणं हे काही मोठं काम नाही हो, तीन किलो तर साधं स्टूलही पेलतं. लांब लेन्सची सगळी भानगड थरथरीची आहे.

थोडं गणित करू, कंटाळू नका. डी-५०० चा सेन्सर आडवा ५५६८ पिक्सेलचा. त्याच्यापुढे ५०० मिमी लावली की अख्ख्या फ्रेममध्ये आडवं जेमतेम २.७ अंश जग मावतं. म्हणजे एक पिक्सेल झाला साधारण एका अंशाचा दोन हजारावा भाग. तीस मीटरवर बसलेल्या पक्ष्यावर तो एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा पडतो, पिसाचे धागे दिसायला तेवढं लागतंच. आता ही लेन्स जवळपास २७ सेंटिमीटर लांब आहे, तिचं मागचं टोक जागेवर धरलं आणि पुढचं टोक दोन-सव्वादोन मायक्रॉन हललं की चित्र एक पिक्सेल सरकलं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या तिसाव्या भागाएवढी हालचाल पुरे. आणि आपण विचारतोय ट्रायपॉड दहा किलो पेलतो का!

हे घरच्या घरी बघता येतं, पैसे लागत नाहीत. भाच्याला मी तेच करायला लावलं, व्हिडिओ कॉलवर. ट्रायपॉड नेहमी वापरतोस त्या उंचीला उभा कर, लेन्स पूर्ण झूमला, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून जाणाऱ्या केबलच्या वायरवर फोकस, स्टॅबिलायझेशन (लेन्समधली थरथर कमी करायची सोय) बंद, आणि मागच्या स्क्रीनवर चित्र होईल तेवढं मोठं कर. मग लेन्सच्या तोंडाशी एक टिचकी मारायची आणि चित्र शांत होईपर्यंत मनात मोजायचं. पहिल्या टिचकीला एका वायरच्या तीन दिसायला लागल्या आणि पाचापर्यंत मोजून झालं तरी थांबेनात. सेंटर कॉलम, म्हणजे मधली वर सरकणारी दांडी, पूर्ण वर काढलेला होता तो खाली बसवला, तर तिनाच्या आसपास शांत. मग पायांचे सगळ्यात खालचे, करंगळीएवढे बारीक सेक्शन आत ढकलले, ट्रायपॉड कमरेएवढा झाला, आणि आता दोनातच थांबली वायर. ट्रायपॉड तोच, लेन्स तीच. पट्ठ्या म्हणतो, "अगं पण मग मला वाकून बघावं लागेल." हो ना राजा, म्हणूनच पुढचं सगळं लिहितेय.

त्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा, ट्रायपॉड लागणार आहे का? हे मी उगाच म्हणत नाही. कॅननची ६०० एफ४ ची १९९९ सालची आयएस लेन्स ५.३६ किलोची होती, ती हातात धरून दिवसभर हिंडणं म्हणजे पैलवानाचंच काम, म्हणून तेव्हाचे लोक ट्रायपॉडशिवाय घराबाहेर पडत नसत. तीच लेन्स २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ३.०५ किलोवर आली. निकॉनची झेड ६०० एफ६.३ तर कॉलरसकट (ट्रायपॉडला लावायचं लेन्सभोवतीचं कडं) दीड किलोच्या आत आहे. त्यात आताच्या बॉड्या कमी उजेडात आयएसओ ३२०० ला डोळे मिटून वापरता येतात, मग १/२००० सेकंदाच्या शटरला उडता पक्षी हातात धरूनच काढा, ट्रायपॉड आडवाच येईल. पण संध्याकाळी अंधारून आल्यावर घुबड १/४० ला काढायचंय, किंवा एकाच जागी तीन तास बसून खंड्या कधी सूर मारतो याची वाट बघायचीय, किंवा व्हिडिओ घ्यायचाय, किंवा माझ्यासारखा खांदा दुखतो, तर मात्र ट्रायपॉडला पर्याय नाही, आणि मग तो नीटच घ्यावा.

आता पाय. दुकानात लोक आधी हेड (पायांच्या वर बसणारा, लेन्स धरून फिरणारा भाग) फिरवून बघतात कारण ते गुळगुळीत फिरतं आणि मजा येते, पाय बघायला कुणाला वेळ नसतो, पण तुमचे पैसे खरं तर पायांत गेले पाहिजेत. पहिली गोष्ट बघायची ती सगळ्यात वरच्या नळीचा व्यास. ५०० आणि त्यापुढच्या लेन्सला ३२ मिमीच्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत, हलक्या ६०० ला २८ चालून जातील, मोठ्या एफ४ लेन्सला ३६-४० पर्यंत जा. चार मिलिमीटरने काय फरक पडतो असं वाटतं, पण नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली तरी वाकायला होणारा विरोध व्यासाच्या घनाने वाढतो, म्हणजे २५ ची नळी ३२ केली की दुपटीपेक्षा जरा जास्तच ताठ. आणि म्हणूनच सेक्शन किती हेही बघायचं, कारण प्रत्येक सेक्शन आधीच्या आत शिरायला हवा म्हणून तीन-चार मिमीने बारीक होत जातो. ३२ पासून निघालात तर तीन सेक्शनच्या ट्रायपॉडचा शेवटचा पाय २५ च्या आसपास राहतो, चार सेक्शनचा २२ वर येतो. चार सेक्शनचा बंद केल्यावर छोटा होतो हे खरं, विमानाच्या बॅगेत आडवा बसतो, लोकलमध्ये कुणाच्या बरगडीत जात नाही, तेव्हा प्रवास जास्त असेल तर चारचा घ्या पण मग खालचा सेक्शन होता होईल तो उघडू नका. उघडताना नेहमी वरचा जाड आधी. कितीतरी जण खालचा आधी उघडतात, का तर तो हाताला पटकन लागतो.

सेंटर कॉलम नको. नकोच. तीन पायांचं सगळं बळ वर जिथे एकत्र येतं तिथून पुढे एका काठीवर तुम्ही लेन्स उभी करता, मग त्या तीन पायांचा उपयोग काय राहिला? जड लेन्सवाल्यांसाठी जे ट्रायपॉड बनतात त्यांना कॉलम नसतोच, वर सपाट प्लेट असते. गिट्झोची सिस्टेमॅटिक मालिका अशीच आहे, आणि बाकीच्यांनी बराचसा तोच नमुना उचललाय. (गिट्झो मूळची फ्रेंच, १९१७ ची, आणि ट्रायपॉडला कार्बन फायबर आणण्याचं श्रेयही १९९४ पासून त्यांच्याकडेच जातं, म्हणून जुने लोक अजून ते नाव जरा हळू आवाजात घेतात.) कॉलम नसल्याचा अजून एक फायदा म्हणजे पाय पूर्ण पसरून ट्रायपॉड जवळजवळ जमिनीला टेकवता येतो, चिखलातले टिटवी-तुतवारसारखे पक्षी त्यांच्या नजरेच्या पातळीवरून काढायचे तर ते लागतं.

कॉलम नाही मग उंची पुरेल का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे दुकानदार हमखास जास्त उंच ट्रायपॉड गळ्यात मारतो. हिशोब सोपा आहे. तुमच्या डोळ्याची उंची घ्या, माझी साधारण १४४ सेंटिमीटर. त्यातून गिंबल हेडचे (जड लेन्सचं हेड, पुढे सांगतेच) वीसेक आणि बॉडीचा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या मध्यापासून वर असतो त्याचे पाच-सहा वजा करा, म्हणजे मला नुसते पाय ११८-१२० चे पुरतात. उतारावर एक पाय खाली जातो, त्यासाठी दहा-पंधरा वर ठेवा. झालं, १३५ चा तीन सेक्शनवाला मला भरपूर, आणि दुकानात मला दाखवला जात होता १६५ चा, "ताई, उंच असलेला कधीही चांगला." पाच फूट दहाच्या माणसाला मात्र १५० च्या आसपास लागेल. पण बसून काम करणार असाल, हाइडमध्ये (पक्षी बघायला लपून बसायचा आडोसा) प्लास्टिकच्या खुर्चीवर, तर उंचीचा प्रश्नच उरत नाही.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? कार्बन. हलका असतो हे एक, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की हादरा बसला तर तो लवकर विरतो. शिवाय मे महिन्यात उन्हात उभा केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पाय उचलून बघा, चटका बसतो. पण गाडीतून उतरून वीस पावलांवर उभं राहायचं असेल आणि बजेट घट्ट असेल तर जाड नळीचा अ‍ॅल्युमिनियम हा बारीक नळीच्या स्वस्त कार्बनपेक्षा शंभर वेळा बरा. नुसतं 'कार्बन' हे नाव वाचून पाघळू नका.

आता हेड, म्हणजे लोकांच्या आवडीचा विषय.

बॉल हेड जड लेन्सला घेऊ नका. लँडस्केपला उत्तम, मॅक्रोला उत्तम, पण ६०० मिमीची लेन्स बॉलच्या वर उभी असते, सगळं वजन वर, आणि नॉब सैल केला की ती ज्या बाजूला जरा कललेली असेल त्या बाजूला धाडकन पडते. नुसती पडत नाही, पडताना ट्रायपॉडलाही ओढते. एका हाइडमध्ये माझ्या शेजारच्या गृहस्थांचं हे झालेलं मी पाहिलंय, लेन्सचा हूड खुर्चीच्या पाठीवर आपटला म्हणून काच वाचली, आणि समोर पाण्यावर आलेला स्वर्गीय नर्तक अर्थातच निघून गेला, बाकीचे सहा लोक काही बोलले नाहीत पण नजरा बघण्यासारख्या होत्या. बोटंही चिमटतात त्यात. मोठ्या ५५ मिमी बॉलचं महागडं हेड घेतलं तरी तत्त्व तेच राहतं, फक्त नॉब जास्त घट्ट बसतो.

गिंबल म्हणजे ते इंग्रजी एल अक्षरासारखं दिसणारं हेड. यात लेन्स वर उभी न राहता एका हाताला लटकल्यासारखी बसते आणि तिचा गुरुत्वमध्य बरोबर फिरण्याच्या अक्षावर येतो, त्यामुळे नॉब सैल सोडला तरी ती जिथे ठेवाल तिथे थांबते, पाच किलोची लेन्स एका बोटाने वर-खाली होते. अमेरिकेच्या विंबरलीचं गिंबल या धंद्यातलं जुनं आणि मोठं नाव, आता बेन्रो, सिरुई, लिओफोटो सगळ्यांची आहेत आणि चांगली आहेत. घेताना फक्त एक बघा, दोन्ही नॉब पूर्ण सैल सोडून हाताचं वरचं टोक धरून आडवं हलवायचं, कट्कट असा जरासाही खेळ जाणवला तर ते ठेवून द्यायचं. आणि फिरवताना सुरुवातीला अडकून मग सुटतं का तेही. हळू हळू पॅन करताना, म्हणजे आडवं फिरवताना, ते अडकणं फोटोत दिसत नाही पण व्हिडिओत हमखास दिसतं.

गिंबलचा अर्धा प्रकारही मिळतो, बॉल हेडलाच बाजूने लावायचा, साइड-माउंट. दोन किलोच्या आतल्या लेन्सला आणि विमानप्रवासाला ठीक आहे, त्याच्या वर नको, कारण खाली शेवटी तोच बॉल आहे आणि लेन्स लावताना एका हाताने पेलून धरावी लागते.

फ्लुइड हेड, म्हणजे व्हिडिओवाल्यांचं, हातात दांडा असलेलं. ज्यांचं निम्म्याहून जास्त काम व्हिडिओचं आहे त्यांनी सरळ हेच घ्या, पॅन इतका मऊ होतो की गिंबलवर तसा जन्मात जमणार नाही. पण दोन गोष्टी. त्याच्या आत स्प्रिंगचं काउंटरबॅलन्स असतं आणि ते ठराविक वजनाला जुळवलेलं असतं, स्वस्त हेडमध्ये ते बदलता येत नाही, तेव्हा तुमच्या लेन्स-बॉडीचं एकूण वजन त्याच्या जवळपास आहे का हे आधी बघा, नाहीतर दांडा सोडला की लेन्स एक तर वर येते नाहीतर खाली बसते. आणि दुसरं, डोक्यावरून जाणारा गरुड यावर पकडायला जाल तर मान आणि दांडा दोन्ही एकमेकांत अडकतील.

गिंबल घेतलं की ते बॅलन्स करावं लागतं आणि हे कुणी शिकवत नाही, लोक नॉब आवळून आवळून वापरतात आणि मग म्हणतात हेड जड फिरतं. आधी ट्रायपॉडचा माथा लेव्हलला आणा, पायांवर किंवा मध्ये लेव्हलिंग बेस (माथा सपाट करायचा जोडभाग) असेल तर त्यावर, कारण माथा तिरका असला की पॅन करताना क्षितिज हळूहळू कलत जातं. मग लेन्सच्या फुटाची (कॉलरखालच्या पायाची) प्लेट हेडच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे पकडीत, सरकवा, एक हात लेन्सखाली ठेवून वर-खाली फिरण्याचा नॉब सैल करा. तोंड खाली जातंय तर लेन्स मागे घ्या, बॉडी खाली जातेय तर पुढे. आडवी थांबायला लागली की काम अर्धं झालं. आता तोंड तीस-चाळीस अंश वर करून सोडून द्या. आपोआप परत आडवी आली तर लेन्स अक्षाच्या खाली लटकतेय, पाळणा (हेडचा लेन्स बसते तो भाग) वर घ्या, उलट अजूनच वर वर जायला लागली तर ती अक्षाच्या वर आहे, खाली घ्या. जिथे सोडाल तिथे राहिली की झालं. मग पेन्सिलने किंवा पांढऱ्या मार्करने प्लेटवर खूण करून ठेवा, पहाटे अंधारात लावताना शोधायला नको.

यात झूमवाल्यांना एक पेच आहे. माझी २००-५०० किंवा भाच्याची १५०-६०० झूम केल्यावर लांब होते, काच पुढे जाते आणि बॅलन्स बिघडतो. म्हणून मी ज्या झूमवर जास्त काम करते त्या, म्हणजे पूर्ण ५०० ला बॅलन्स करते आणि २०० ला जरा नॉब आवळते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही, त्यांना हा त्रास जवळजवळ नाही, आणि लेन्स निवडताना या गोष्टीचा विचार कुणीच करत नाही याचं मला नवल वाटतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे लेन्सचा फूट, तो कॉलरखालचा पाय. पाय ३२ चे, हेड दणकट, आणि मध्ये हा लांब, पोकळ, एका बाजूने बाहेर आलेला फूट, की सगळी थरथर इथून. टिचकी मारल्यावर हेडवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बघा, हेड शांत आणि लेन्स हलतेय तर फूट किंवा कॉलर दोषी. बऱ्याच लेन्सना बुटका, रुंद, खालून आर्का-स्विसची (बहुतेक हेडच्या क्लॅम्पमध्ये बसणाऱ्या पद्धतीची) खाच असलेला बदली फूट बाजारात मिळतो, दोन-पाच हजारांत जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. प्लेट वेगळी लावणार असाल तर दोन स्क्रूंची लावा, एका स्क्रूवर ती गोल फिरते. आणि क्लॅम्प. आर्का पद्धतीची प्लेट ३८ मिमी रुंद असते पण कंपनीगणिक अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होतं, त्यामुळे खटक्याने बंद होणारा लिव्हर क्लॅम्प एकाच्या प्लेटला घट्ट आणि दुसऱ्याच्या प्लेटला सैल लागतो. जड लेन्सला मी फिरवायच्या नॉबचाच क्लॅम्प घेईन, आणि प्लेटच्या दोन्ही टोकांना ते छोटे अडकवणीचे स्क्रू असतात ना, जे लोक प्लेट सरकवताना आड येतात म्हणून काढून टाकतात, ते लावा परत. क्लॅम्प सैल राहिला तर लेन्स खाली पडण्याऐवजी तिथेच अडकते.

बरं, एवढं सगळं घेतलं म्हणून ते सगळीकडे न्यायचं असं नाही. ताडोब्याला जिप्सीत ट्रायपॉड नेणाऱ्यांना मी हात जोडते. सहा पर्यटक, ड्रायव्हर, गाइड, त्यात तीन पाय कुठे ठेवणार, आणि ठेवलेच तर मागच्या सीटवरच्या काकांनी पाणी प्यायला बाटली काढली तरी गाडी हलते. तिथे बीन बॅग. रिकामी घेऊन जायची आणि मुक्कामी तांदूळ किंवा गहू विकत घेऊन भरायची, येताना तिथेच कुणाला तरी देऊन टाकायचं, खाण्याच्या लायकीचं राहिलेलं असतं. पावसाळी हवेत बरेच दिवस भरून ठेवू नका, टोके पडतात. भिगवणला कुंभारगावातून बोटीत बसणार असाल तरी तेच, बोट पाण्यावर हलणार, म्हणजे ट्रायपॉडचे पाय कितीही दणकट असले तरी बोटीबरोबर हलणार. बोटीच्या काठावर बीन बॅग टाकून पाण्याच्या पातळीवरून रोहित काढायचे. तीच ट्रिप संध्याकाळी कडबनवाडीच्या गवताळ माळावर संपवणार असाल, तर तिथे मात्र ट्रायपॉड हवा. सिंहगडच्या पायथ्याच्या बाजूला पाणवठ्यावर बसून पक्षी बघणारे, नेरुळला डीपीएस तलावाच्या काठावर उभे राहून फ्लेमिंगो काढणारे, नांदूरमध्यमेश्वरला थंडीत बदकांची वाट बघणारे, या सगळ्यांना गिंबलची खरी मजा. फक्त पाणथळीवरच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलात तर लक्षात ठेवा, कुणी जिना चढायला लागलं की मनोराच हलतो, तो चढून होईपर्यंत थांबायचं.

वाऱ्याचं थोडं सांगते. कोकणातल्या सड्यावर किंवा कासला वारा असला की मोठा हूड शिडाचं काम करतो, तेव्हा ऊन तोंडावर नसेल तर हूड काढा. कॅमेऱ्याचा पट्टा काढा, तो फडफडतो आणि प्रत्येक फडफड लेन्सपर्यंत पोहोचते, हे इतकं साधं आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. ट्रायपॉडच्या खाली हुकाला बॅग टांगायची असेल तर ती जमिनीला टेकेल अशी टांगा, अधांतरी राहिली तर झोका घेते आणि फायद्याऐवजी तोटा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खाली बसा. पाय अर्धेच उघडा आणि डावा हात लेन्सच्या पाठीवर, कॉलरच्या बरोबर वर, नुसता वजन टाकून ठेवा, डोळा आयकपला दाबून. हाताचं मांस थरथर शोषून घेतं. १/६० च्या आसपासचे माझे बरे फोटो असेच आलेत. स्टॅबिलायझेशनबद्दल लोक भांडतात, माझी पद्धत अशी की नॉब सैल असतील आणि पक्ष्यामागे फिरायचं असेल तर चालू, सगळं आवळून टायमरवर हळू शटर मारायचं असेल तर बंद. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, जुन्या ओळखत नाहीत आणि उगाच स्वतःच चित्र हलवत बसतात.

पैशांचं म्हणाल तर गिट्झोचे पाय आणि विंबरलीचं हेड मिळून लाखाच्या बरंच पुढे जातं, चायनीज ब्रँडचे ३२ मिमीचे कार्बन पाय आणि गिंबल पन्नास हजारांच्या आगेमागे बसतं, आणि माझ्या मते आपल्यासारख्या हौशी लोकांना हे दुसरं पुरे. तेवढेही नसतील तर पाय चांगले घ्या आणि हेड मध्यम घ्या, हेड पुढे बदलता येतं, सगळ्यांचे ३/८ इंची स्क्रू सारखेच. भाच्याला मी मुंबईत फोर्टला बोरा बाजारात पाठवलं, सेकंडहँड बघायला, स्वतःची लेन्स-बॉडी बरोबर घेऊन. ट्रायपॉड म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही, जुना घ्यायला हरकत नाही. प्रत्येक लॉक उघडून बंद करायचं, पाय जिथे माथ्याला जोडलेला असतो तिथे भेग आहे का बघायचं, एकेक पाय धरून पिळायचा, आणि मग दुकानदार कितीही बघत राहिला तरी टिचकी मारायची. त्याला बिनकॉलमचे तीन सेक्शनवाले पाय मिळाले, वापरलेले, एका पायाचं रबर गेलेलं. रबर नवीन बसवलं. पहिल्या ट्रायपॉडवर आता बहीण बाल्कनीत मोबाईल लावून रेसिपीचे व्हिडिओ काढते, त्याला तो झकास आहे.

खाडीवरून किंवा भिगवणच्या चिखलातून आलात की त्याच दिवशी पाय धुवा, खारं पाणी असेल तर गोड्या पाण्याने आधी, पाय बंद करायच्या आत, नाहीतर वाळू आत ओढली जाते आणि पुढच्या वेळी लॉक फिरवताना करकर आवाज येतो. तसा आवाज यायला लागलाच तर घाबरू नका. फिरवायचं लॉक पूर्ण उलटं फिरवून मोकळं करा, आतला पाय सरळ बाहेर ओढा, त्याच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल चिपा असतात त्या निघून हातात येतील, कुठली कुठल्या बाजूला होती ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सगळं जुन्या बनियनने पुसा, आटे टूथब्रशने साफ करा, आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, नळीला अजिबात नाही. नळीला ग्रीस लागलं की लॉक कितीही आवळा, पाय लेन्सच्या वजनाने हळूहळू आत सरकत राहतो.